६१७४ची ओळख लिहिताना या चुका टाळा

२२ डिसेंबरला, म्हणजे रामानुजन यांच्या जन्मदिवशी, शाळाशाळांत गणित दिन साजरा होतो. भिंतीवर तक्ते लागतात आणि त्यांतल्या एकावर तरी ६१७४ असतेच: चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत गेले की शेवटी येणारी संख्या. आपल्याकडे ते साहजिकही आहे. ही संख्या जगापुढे आणणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूत जन्मले, ठाण्याला आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवत होते.

मध्यंतरी एका शाळेत असे तक्ते बघायला मला बोलावले होते. सातवीतल्या एका मुलीचा तक्ता अक्षराने आणि रंगांनी सगळ्यांत देखणा होता. त्यावर आठ वाक्ये होती. ६१७४ ही कापरेकर संख्या आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सात पायऱ्यांत ६१७४ येते. ६१७४ला ६ने भाग जातो, ९नेही जातो, म्हणून ५४नेही जातो. तिला १२ विभाजक आहेत. ती विपुल संख्या आहे. ती हर्षद संख्या आहे. ती निवेन संख्याही आहे. ती पूर्ण संख्या नाही.

आठांपैकी तीन बरोबर (आणि त्या तिनांतली दोन म्हणजे एकच गोष्ट), एक अर्धवट, चार चूक. पोरीला दोष देण्यात अर्थ नाही. यातले निम्मे मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरातून आलेले होते आणि उरलेल्या चुका पदवीधरही बिनदिक्कत करतात. तेव्हा तोच तक्ता समोर ठेवून बोलू.

कापरेकर स्थिरांक आणि कापरेकर संख्या

ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. कापरेकरांच्या नावावर दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ६१७४ त्यांतल्या एकीतच बसते. ती कापरेकर स्थिरांक आहे, म्हणजे त्या वजाबाक्या जिथे येऊन थांबतात ती संख्या; कापरेकर संख्या नाही.

कापरेकर संख्या कशाला म्हणायचे? संख्येचा वर्ग करा. सुरुवातीच्या संख्येत जितके अंक असतील तितके अंक वर्गाच्या उजवीकडून तोडा. उजवा तुकडा आणि डावा तुकडा यांची बेरीज सुरुवातीच्या संख्येइतकी आली पाहिजे. ४५चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २०२५ साल लागले तेव्हा हाच हिशोब घरोघरच्या व्हॉट्सअॅपवर पोचला होता, फक्त त्याला कापरेकरांचे नाव क्वचितच जोडलेले दिसले. २९७चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. आता ६१७४चा वर्ग करून बघा: ३,८१,१८,२७६. तोडला की ३८११ आणि ८२७६. बेरीज १२०८७. जमले नाही.

इथे एक सोपी चाळणी हाताशी ठेवण्यासारखी आहे. कापरेकर संख्येला ९ने भागले तर बाकी ० किंवा १च उरते. याचे कारण असे की तुकड्यांची बेरीज आणि अख्खा वर्ग यांना ९ने भागल्यावर सारखीच बाकी येते, म्हणून संख्या आणि तिचा वर्ग यांची बाकीही सारखी असावी लागते. बाकी ५ आली तर वर्ग करत बसायची गरजच नाही. पण ही चाळणी फक्त नापास करते, पास करत नाही. ६१७४ची बाकी ० आहे, चाळणीतून ती आरामात सुटते, आणि तरीही कापरेकर संख्या नाही. 'या कसोटीत टिकली म्हणजे ती आहेच' असे धरून चालणे ही संख्यांच्या वर्गीकरणातली जुनी खोड आहे, पुढेही ती भेटेल.

व्याख्येच्या कडा नीट पाहिल्या नाहीत तर याद्याही जुळत नाहीत. १०० घ्या: वर्ग १००००, डावा तुकडा १०, उजवा ०००. इथे बेरीज तशीही जमत नाही, पण दोनच अंक तोडले तर १०० + ०० = १०० होते आणि कोणी म्हणेल की झाली कापरेकर संख्या. असे फुकटचे उमेदवार नकोत म्हणून उजवा तुकडा शून्य चालत नाही, अशी अट घालतात. ४८७९ची गंमत याहून मोठी आहे. तिचा वर्ग २,३८,०४,६४१. चार अंक तोडले तर २३८० + ४६४१ = ७०२१, म्हणजे नापास. पण पाच अंक तोडले तर २३८ + ०४६४१ = ४८७९! काही याद्यांत ही संख्या असते आणि काहींत नसते ती यामुळेच. दोन याद्या वेगळ्या दिसल्या की लगेच एकीला चूक ठरवू नका, तिच्या डोक्यावरची व्याख्या वाचा.

'माझे उत्तर शून्य आले'

आता स्थिरांकाकडे. रीत सगळ्यांना पाठ असते: चार अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेले वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. १००४ घेऊन पाहू. ४१०० − ००१४ = ४०८६. ८६४० − ०४६८ = ८१७२. ८७२१ − १२७८ = ७४४३. ७४४३ − ३४४७ = ३९९६. ९९६३ − ३६९९ = ६२६४. ६६४२ − २४६६ = ४१७६. ७६४१ − १४६७ = ६१७४. बरोबर सात पायऱ्या, आणि याहून जास्त कधीच लागत नाहीत. पुढे ६१७४मधून पुन्हा ६१७४च येते.

पण तक्त्यावर 'कोणतीही चार अंकी संख्या' असे लिहिले होते, आणि वर्गातल्या एका चळवळ्या मुलाने लगेच २२२२ घेतली. चारही अंक सारखे असले की पहिल्याच पायरीला शून्य. म्हणून 'निदान दोन अंक वेगळे असलेली' हे शब्द गाळायचे नाहीत. १०००पासून ९९९९पर्यंत अशा सारख्या अंकांच्या नऊच संख्या आहेत, पण नियम मोडायला एक पुरते.

त्याहून फसवी अडचण दुसऱ्या बाकावर निघाली. २१११ घेतलेल्या मुलाला दोन अंक वेगळे असूनही शून्य आले. त्याची वही पाहिली: २१११ − १११२ = ९९९, मग ९९९ − ९९९ = ०. वजाबाकी बिनचूक आहे, हरवले आहे ते पुढचे शून्य. पहिले उत्तर ०९९९ असे चार अंकी लिहायला हवे. मग ९९९० − ०९९९ = ८९९१, पुढे ९९८१ − १८९९ = ८०८२, ८८२० − ०२८८ = ८५३२, आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. गाडी रुळावर.

मग शून्य प्रत्येक ठिकाणी जपायचे का? जपावे, सवय चांगली. पण नुकसान नेमके कुठे होते ते समजून घेण्यासारखे आहे. चढत्या क्रमात पुढे आलेले शून्य न लिहिल्याने काही बिघडत नाही, ००१४ काय आणि १४ काय, वजाबाकी तीच. मार बसतो तो उतरत्या क्रमात, कारण तिथे हेच शून्य शेवटी जाऊन ९९९चे ९९९० करणार असते. आणि असे पुढे शून्य असलेले उत्तर या सगळ्या प्रवासात एकच आहे: ०९९९.

हे कशावरून? उतरत्या क्रमाचे अंक क, ख, ग, घ धरा. वजाबाकी मांडून पाहिली तर उत्तर नेहमी ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग) इतके येते. म्हणजे चार अंकांपैकी दोन फरकच काय ते कामाचे: टोकांचा आणि मधल्यांचा. टोकांचा फरक १ ते ९, मधला फरक ० पासून फार तर टोकांच्या फरकाइतका. सगळ्या जोड्या मोजल्या तर ५४. एवढ्या हजारो संख्या, पण पहिल्या पायरीनंतर त्या फक्त ५४ घरांत शिरतात. त्या ५४ घरांतून वाटा काढून पाहणे एका दुपारचे काम आहे, आणि तीच या गोष्टीची संपूर्ण सिद्धता. मुलांना 'गूढ संख्या' म्हणून सांगण्यापेक्षा हे सांगितले तर जास्त मजा येते, असा माझा अनुभव आहे. या ५४ उत्तरांत १०००हून लहान एकच: टोकांचा फरक १ आणि मधला ० असताना येणारे ९९९.

हे घर गाठणाऱ्या चार अंकी संख्या किती? २१११, ५५५४, १००० अशा, म्हणजे तीन अंक सारखे आणि चौथा त्यांच्याहून एकाने कमी किंवा जास्त. मोजल्या तर ६८ भरतात. त्यांत सारख्या अंकांच्या ९ मिळवा. म्हणजे शून्य गाळणाऱ्याला ७७ संख्या शून्यावर नेताना दिसतील, आणि जपणाऱ्याला फक्त ९.

वजाबाकी मध्येच चुकली आणि गाडी भलतीकडे गेली, तर पायरी शोधायला एक उपाय पुरतो. प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज ९च्या पटीत आली पाहिजे (वरच्या सूत्रात ९९९ आणि ९० दोन्ही ९च्या पटीत आहेत, म्हणून). जिथे ती तशी येत नाही त्या पायरीवर हातचा चुकला आहे.

आणि 'कितीही अंकी संख्या घ्या' असे पुढे ढकलणारा मजकूर सरळ पुसून टाका. तीन अंकांना ४९५ मिळते. दोन अंकांना स्थिरांकच नाही: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असा फेरा चालतो. पाच अंकांनाही नाही, तिथे तर ५३९५५ आणि ५९९९४ एकमेकांकडे नुसते बोट दाखवत बसतात. सहा अंकांत दोन आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, शिवाय एक सात संख्यांचा फेराही.

६ने जातो, ९ने जातो, म्हणून ५४ने?

६१७४ ÷ ६ = १०२९. ६१७४ ÷ ९ = ६८६. दोन्ही खरे. पण ५४ × ११४ = ६१५६, बाकी १८. दोन विभाजकांचा गुणाकारही विभाजक असेल ही हमी ते सहमूळ असतील तरच मिळते. ६ आणि ९ दोघांच्या पोटात ३ आहे, तो दोनदा मोजला गेला. हमी फक्त लसाविची, म्हणजे १८ची, आणि १८ने भाग जातो: ३४३.

ते ३४३ पुढे न नेता सोडून देणारेही पुष्कळ. ७ची कसोटी फारशी कोणी वापरत नाही, म्हणून ३४३ला 'मूळ असावी' म्हणून मोकळे होतात. कसोटी सोपी आहे: शेवटचा अंक दुप्पट करून उरलेल्या संख्येतून वजा करा. ३४ − ६ = २८, ७ची पट. म्हणजे ३४३ = ७ × ४९, आणि ४९ पुन्हा ७ × ७. शेवटी ६१७४ = २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. शंभराच्या आसपास ५१, ५७, ८७, ९१, ११९, १३३ या अशाच 'मूळ दिसणाऱ्या' संख्या आहेत. पाढ्यात ऐकल्या नाहीत म्हणून मूळ, असे होत नाही. वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचेच.

आता विभाजक. मुलीने १२ लिहिले होते. कुठून आले ते तिने कच्च्या वहीत दाखवले: १ × ६१७४, २ × ३०८७, ३ × २०५८, ६ × १०२९, ७ × ८८२, ९ × ६८६, १४ × ४४१, १८ × ३४३, २१ × २९४, ४२ × १४७, ४९ × १२६, ६३ × ९८. काम अप्रतिम होते, एकही जोडी सुटली नव्हती. फक्त तिने जोड्या मोजल्या, विभाजक नाही. विभाजक २४. अवयव पाडलेले असतील तर जोड्या न मांडताही हे कळते: २ एकदा, ३ दोनदा, ७ तीनदा, प्रत्येकात एक मिळवून गुणाकार, २ × ३ × ४ = २४. नेमकी उलटी चूक पूर्ण वर्गांत होते. ३६ची ६ × ६ ही जोडी दोनदा मोजून कोणी १० विभाजक सांगतो, खरे आहेत ९.

विपुल संख्येचे वाक्य बरोबर होते. स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येहून जास्त आली की ती विपुल. 'स्वतःला सोडून' गाळले तर १हून मोठी प्रत्येक संख्या विपुल ठरेल. ६१७४च्या २४ विभाजकांची बेरीज १५६००, त्यातून ६१७४ वजा केले की ९४२६. एवढे करायचीही खरे तर गरज नव्हती. ६हून मोठी, ६ची कोणतीही पट विपुलच असते: तिचा अर्धा, तृतीयांश आणि षष्ठांश मिळूनच ती पुरी होते, वर १ हा विभाजक उरतो.

पूर्ण की परिपूर्ण

तक्त्यावरचे 'पूर्ण संख्या नाही' हे वाक्य वाचून मी क्षणभर गोंधळलो. ०, १, २, ३… या सगळ्या पूर्ण संख्या, हे तिच्याच पाठ्यपुस्तकात आहे, मग ६१७४ पूर्ण कशी नाही? तिला म्हणायचे होते परिपूर्ण, म्हणजे स्वतःखेरीज विभाजकांची बेरीज बरोबर स्वतःइतकी असलेली. ६, २८, ४९६, ८१२८. जुन्या लेखनात यांनाही पूर्ण संख्या म्हटलेले सापडते, घोळ तिथला. भरीला पूर्णांक आहेत (ऋण संख्यांसह), पूर्ण वर्ग आहेत, आणि अपूर्णांकही. मराठीत या सगळ्यांच्या पोटात 'पूर्ण' बसलेला आहे, त्यामुळे लिहिताना पहिल्यांदा शब्द आला की व्याख्याही द्यावी. १ मूळही नाही आणि संयुक्तही नाही, २ सम असूनही मूळ आहे, ० सम आहे. या तिन्हींवर दर वर्षी कोणी ना कोणी वाद घालतेच, मी आता घालत नाही.

हर्षद हा गुण कोणाचा?

अंकांची बेरीज ६ + १ + ७ + ४ = १८, आणि १८ने ६१७४ला भाग जातो, म्हणून ती हर्षद. हर्ष देणारी, म्हणून हर्षद. नाव कापरेकरांनीच ठेवलेले. पुढे गणितज्ञ आयव्हन निवेन यांच्या १९७७च्या एका भाषणानंतर याच संख्यांना निवेन संख्या असेही नाव पडले. तेव्हा 'हर्षदही आणि निवेनही' लिहिणे म्हणजे 'ते आमचे काका आहेत आणि वडिलांचे भाऊही' म्हणण्यासारखे.

पण इथे एक मोठा मुद्दा आहे आणि बहुतेक तक्ते तो ओलांडून जातात. अवयव, विभाजक, विपुल असणे, मूळ असणे हे संख्येचे स्वतःचे गुण. ६१७४ चिंचोके मोजा, रोमन अंकांत लिहा, काहीही करा, त्यांचे ७-७चे ८८२ ढीग होणारच. अंकांची बेरीज मात्र आपण ती संख्या कशी लिहितो यावर अवलंबून. आपण दशमान पद्धतीत लिहितो म्हणून १८. द्विमान पद्धतीत हीच संख्या ११००००००११११० अशी लिहितात, बेरीज ६, भाग जातो. पाया ८ घेतला (म्हणजे दहादहाऐवजी आठाआठाच्या गटांनी लिहिले) तर १४०३६, बेरीज १४, भाग जातो (४४१ येते). पाया १६ घेतला तर अंक १, ८, १, १४, बेरीज २४, आणि २४ने भागले तर बाकी ६ उरते. म्हणजे सोळाच्या पायात ६१७४ हर्षद नाही. कोणत्याही पायात लिहिली तरी हर्षदच राहील अशा संख्या फक्त चार: १, २, ४ आणि ६.

कापरेकर स्थिरांक, कापरेकर संख्या, उलटसुलट सारख्या वाचता येणाऱ्या संख्या, सगळे या दुसऱ्या गटात. म्हणून ते गुण खोटे किंवा हलके ठरत नाहीत, पण 'विश्वाचे रहस्य' वगैरे लिहिण्याआधी आपल्या हाताला दहा बोटे आहेत हे आठवावे. तक्त्याचे दोन रकाने करा: संख्येचे गुण इकडे, दशमान लेखनाचे गुण तिकडे. त्या मुलीला मी हीच एक सूचना दिली, बाकी सगळे त्यातून आपोआप नीट होते.

गाळलेला शब्द, ताणलेला नमुना

६१७४च्या शेजारच्या तक्त्यावर अर्थातच रामानुजनांची १७२९ होती. 'दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी सर्वांत लहान संख्या.' १चा घन अधिक १२चा घन, ९चा घन अधिक १०चा घन, बरोबर. पण 'धन' हा शब्द राहिला. ऋण संख्यांचे घन चालत असतील तर ९१ आधी येते: ६४ + २७, आणि २१६ − १२५.

वर्गाच्या बाबतीत 'शेवटी ४ आहे म्हणजे पूर्ण वर्ग असू शकते' एवढ्यावर थांबू नका. ६१७४ सम आहे पण शेवटच्या ७४ला ४ने भाग जात नाही. सम वर्गाला तो जावाच लागतो. विषय संपला. याच कारणाने ती दोन वर्गांची वजाबाकीही होऊ शकत नाही. आणि ७ विषम वेळा (तीनदा) आल्यामुळे दोन वर्गांची बेरीजही नाही, कारण ४ने भागून ३ उरणारी मूळ संख्या तिथे सम वेळाच यावी लागते. तीन वर्गांची मात्र होते: ७५, १८ आणि १५ यांचे वर्ग मिळवून बघा.

नमुना चार ठिकाणी दिसला म्हणून पाचव्या ठिकाणी गृहीत धरणे, हा आणखी एक रोग. ३१, ३३१, ३३३१ अशी रांग ३३३३३३३१पर्यंत मूळच निघते. पुढची ३३३३३३३३१ म्हणजे १७ × १९६०७८४३. कापरेकरांच्या डेम्लो संख्यांचेही तसेच. (हे नाव डोंबिवली स्टेशनावरून पडले, तेव्हा त्याला डेम्लो म्हणत.) ११चा वर्ग १२१, १११चा १२३२१, असा डोंगर नऊ एकांपर्यंत सुरेख चढतो उतरतो. दहा एकांचा वर्ग मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१. हातच्याने शिखर मोडले.

हा शेवटचा वर्ग एक्सेलमध्ये करून पाहिलात तर शेवटचे ४३२१ गायब होऊन चार शून्ये दिसतील. एक्सेल पंधरा अंकांपुढचे अंक राखत नाही, त्यामुळे मोठ्या संख्येचे विभाजक तिथे तपासू नयेत. तेच एक्सेल ०९९९चे ९९९ करते, म्हणजे वरची २१११ची गोष्ट पुन्हा. खण आधी मजकूर स्वरूपाचा करा किंवा अंक चार वेगळ्या खणांत ठेवा. पायथॉन पूर्ण संख्या कितीही मोठ्या असल्या तरी जपते, पण भागाकाराला किंवा वर्गमुळाला साधी दशांश क्रिया लावली की तिथेही अंक गळतात. आणि फर्माच्या कसोटीवर (एखादी संख्या पाया म्हणून घ्या, तिचा तपासायच्या संख्येइतका घात करून त्या संख्येने भागा, बाकी पायाइतकीच यायला हवी) मूळ ठरवणारा छोटा प्रोग्राम लिहिलात तर त्याला आधी ३४१, ५६१ आणि १७२९ खाऊ घाला. ३४१ पाया २ घेऊन निसटते, उरलेल्या दोन त्यांच्याशी सहमूळ असलेल्या कोणत्याही पायाला फसवतात, आणि तिघीही संयुक्त आहेत.

स्वयंभू आहे का?

तक्त्यात नसलेला हा प्रश्न मुलीने निघताना विचारला. "सर, ६१७४ स्वयंभू आहे का?" कापरेकरांनी या संख्यांना देवळालीचेही नाव दिले होते. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते: २३ मधून २८. जिला असा जनक नाही ती स्वयंभू, जशा २०, ३१, ४२, ५३.

इथली नेहमीची चूक म्हणजे चार-पाच जनक तपासून 'नाही सापडला' म्हणणे. किती तपासायचे हे आधी ठरवा. चार अंकांची बेरीज ३६हून जास्त होत नाही, म्हणून जनक ६१३८च्या खाली असू शकत नाही. शिवाय जनक आणि त्याच्या अंकांची बेरीज यांची ९ने भागल्यावर बाकी सारखीच, म्हणून ६१७४ ९च्या पटीत असेल तर जनकही तसाच हवा. उरले ६१३८, ६१४७, ६१५६, ६१६५. तिने उभ्या उभ्या केले: ६१५६ + १८ = ६१७४. म्हणजे स्वयंभू नाही.

"मग ६१५६चा जनक?" तोच चाळा, ६१३८ + १८ = ६१५६. आणि ६१३८चा? उमेदवार ६१०२, ६१११, ६१२०, ६१२९. त्यांच्यापासून येतात ६१११, ६१२०, ६१२९ आणि ६१४७. ६१३८ कोणाकडूनच येत नाही. तिने खोडरबर घेतले, तक्त्यावर 'कापरेकर संख्या' खोडले आणि त्या जागी लिहिले: ६१७४चे आजोबा ६१३८, देवळाली संख्या.